अंगणावरचे आरोप

घराभोवतीची जागा पाखरे, फुलपाखरे, बेडूक, सरडे आणि मधमाश्यांना राहण्याजोगी करायची तर चार गोष्टी पुरवाव्या लागतात: अन्न, पाणी, आडोसा आणि पिले वाढवायला जागा. एक गोष्ट टाळावी लागते, ती म्हणजे विष. कामाचा व्याप एवढाच आहे. त्याला मोठा प्लॉट लागत नाही, फार पैसाही लागत नाही. तरीही नागपूरच्या लेआउटांमध्ये अशी बाग करू पाहणाऱ्या घराला शेजारचे, सोसायटीतले, कधी घरातलेच लोक अडवतात. त्यांचे आक्षेप ठरलेले असतात. साप येतील, डेंग्यू होईल, झाडांना अळ्या लागतील, अंगण कचऱ्यासारखे दिसेल, मे महिन्यात सगळे जळून जाईल आणि शहर मुळातच इतके हिरवे असताना हा खटाटोप कशाला. असे म्हणणारे लोक निसर्गाचे वैरी नसतात. त्यांची भीती बहुतेक वेळा खरी असते. मात्र त्या भीतीचे कारण बागेत असते, हे त्यांचे म्हणणे तपासणीत टिकत नाही.

सापाचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत जोरदार, म्हणून तो आधी घ्यावा लागतो. भारतात बहुतांश सर्पदंश मृत्यूंना कारण ठरणाऱ्या चार जातींपैकी नाग, मण्यार आणि घोणस नागपूर परिसरात नियमित आढळतात. चौथे फुरसे इथे विरळा. त्यांच्याबरोबर धामण, दिवड, कवड्या, तस्कर, नानेटी, वाळा असे कितीतरी बिनविषारी साप याच शहरात राहतात. ते फुलांच्या वासाने येतात, हा समज घट्ट आहे. केवडा, रातराणी आणि चंदन यांच्यावर हा ठपका पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्यापायी चांगली वाढलेली झाडे तोडली गेली आहेत. साप जिभेने हवेतला गंध टिपतो हे खरे, पण तो शोध भक्ष्याचा असतो. फुलाशी त्याचा काही संबंध नाही. त्याला उंदीर, बेडूक, पाली हव्या असतात आणि दिवसा अंग चोरून बसायला फट हवी असते.

उंदीर कुठे असतात? झाकण नसलेल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी, गोदामवजा खोलीतल्या धान्याच्या पोत्यांपाशी, कुत्र्यासाठी रात्रभर उघड्या ठेवलेल्या भांड्यापाशी, फुटलेल्या गडर लाइनीत. फट कुठे असते? बांधकामातून उरलेल्या विटांच्या ढिगात, वॉलकंपाउंडला टेकवलेल्या पत्र्यांमागे, जिन्याखाली रचलेल्या फुटक्या टाइल्समध्ये. या सगळ्या गोष्टी गट्टू बसवलेल्या, एकही झाड नसलेल्या अंगणातही असतात, आणि म्हणूनच साप तिथेही निघतो. बाग काढून टाकणारा माणूस विटांचा ढीग मात्र वर्षानुवर्षे जागेवर ठेवतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटचेही तेच. तिथे साप दिसतात ते घरोघरचा कचरा तिथे पडतो म्हणून. मालकाने वाऱ्यावर सोडलेला प्लॉट आणि जाणून-बुजून राखलेली बाग या दोन गोष्टी एकच आहेत असे धरून वाद घालणे योग्य नाही.

तरीही सापाचा धोका शून्य आहे असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. दाट झुडपे दारा-खिडक्यांना खेटून नसावीत. घराच्या भिंतीपासून दीड-दोन मीटरची पट्टी मोकळी आणि नजरेखालची ठेवावी. वेल खिडकीच्या जाळीवर चढवू नये. ओंडके, दगड रचायचे असतील तर ते कुंपणाच्या टोकाला. दाराखालची फट बुजवावी आणि पावसाळ्यात रात्री अंगणात जाताना हातात बॅटरी असावी. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका हलका असतो की अनेकदा झोपमोडही होत नाही. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न दवडता मेडिकल किंवा मेयो यांपैकी जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध आहे. घरात साप दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. दिसेल तो साप मारणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि शहाणपणातही बसत नाही. धामण उंदीर खाते. ती मारली की उंदीर वाढतात, आणि त्या उंदरांमागे पुढचा येणारा साप नाग असू शकतो.

डासांचा आक्षेप नागपुरात विशेष जोरात असतो, आणि नागपुरातच तो सर्वांत कमकुवत ठरतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास झुडपात पैदा होत नाही. पानांच्या सावलीत तो विसाव्याला बसतो, पण अंडी घालायला त्याला माणसाने साठवलेले, तुलनेने स्वच्छ आणि स्थिर पाणी लागते. या शहरात असे पाणी प्रत्येक घराच्या खिडकीला टांगलेले असते. ते म्हणजे कूलरची टाकी. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर अंडी चिकटवते. काळे, बारीक ठिपके. डोळ्यांना धुळीसारखे दिसणारे. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने जिवंत राहतात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, टाकीत तळाला बोटभर पाणी राहते, खिडकीबाहेरच्या कूलरमध्ये पावसाचे पाणी भर घालते आणि वाट पाहत असलेली अंडी फुटतात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून देण्याने अंडी जात नाहीत; टाकीच्या कडा काथ्याने घासाव्या लागतात आणि टाकी उन्हात कोरडी करावी लागते. महापालिकेची पथके घरोघरी जातात तेव्हा ती झुडपे मोजत नाहीत, कूलर उघडायला सांगतात. त्यांना कारण ठाऊक असते.

दुसरा डास, क्युलेक्स, गडरच्या आणि तुंबलेल्या नालीच्या पाण्यात वाढतो. त्याचाही बागेशी संबंध नाही. बागेतले पाणी मात्र नीट ठेवले तर डासांचा सापळा होते. छोट्या हौदात स्थानिक मासे, चतुरांच्या अळ्या आणि पाणढेकूण असतील तर डासांच्या अळ्या टिकत नाहीत. चतुराची अळी पाण्यात डासांच्या अळ्या खाते आणि पंख फुटल्यावर तोच चतुर उडते डास हवेत पकडतो. पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे पसरट भांडे रोज किंवा एक दिवसाआड धुतले की प्रश्न मिटतो. ज्याला ते जमत नाही त्याने भांडे ठेवू नये. ही अट कठोर वाटेल, पण आठवडाभर न बदललेले पाणी पाखरांनाही रोग देते. गप्पी मासे डासांवर उपाय म्हणून वाटले जातात. ते दक्षिण अमेरिकेतले असून घरच्या बंद टाकीत ठीक आहेत. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या हौदात ते सोडू नयेत, कारण तिथून ते नाल्यात आणि पुढे तलावात पोहोचतात.

अळ्यांच्या आक्षेपाशी या विषयाचा गाभा आहे, म्हणून तिथे जरा थांबावे लागेल. घराघरातल्या गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या, झाडाची कोवळी पाने अचानक कुरतडलेली दिसतात. पान उलटून पाहिले तर पाखराच्या शिटेसारखा काळपट-पांढरा एक गोळा दिसतो. तो हलतो तेव्हा कळते की ती अळी आहे. चार-पाच वेळा कात टाकून ती हिरवी होते, बोटाच्या पेराएवढी भरते, आणि तिला छेडले तर डोक्यामागून नारिंगी-तांबडे दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या दोन फुलपाखरांच्या अळ्या लिंबू, संत्रा, बेल आणि गोडलिंब यांच्यावरच वाढतात. साधारण महिनाभरात अंड्याचे फुलपाखरू होते. गोडलिंबाचे झाड तेवढ्याने मरत नाही. पुढच्या पावसात पुन्हा फुटते. पण बहुतेक घरांत पहिले कुरतडलेले पान दिसताच फवारणीचा पंप निघतो.

संत्र्याच्या नागपुरात या अळीला शत्रू मानण्याचे कारण समजण्यासारखे आहे. नर्सरीतल्या कोवळ्या कलमांची सगळी पाने ती फस्त करू शकते आणि बागायतदाराला तिचा बंदोबस्त करावाच लागतो. पण काटोल-वरुडच्या बागेतला हिशेब धरमपेठेतल्या एका गोडलिंबाला लावायचा कशाला? तिथे पीक विकून घर चालवायचे असते, इथे फोडणीत चार पाने टाकायची असतात. शिवाय विदर्भाला फवारणीबद्दल वेगळे शिकवायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तीच जातकुळी असलेली औषधे शहरातल्या दुकानातून आणून, हातमोजे न घालता, पोरे खेळतात त्या अंगणात गुलाबावर मारली जातात, आणि त्याला बागेची निगा म्हटले जाते. हे थांबले पाहिजे.

अळी वाचवायची ती नुसत्या फुलपाखरासाठी नव्हे. शिंपी, दयाळ, बुलबुल, सातभाई, शिंजीर या अंगणातल्या नेहमीच्या पाखरांची पिले मऊ किड्यांवर वाढतात. फळे आणि मध खाणारे मोठे पक्षीसुद्धा पिलांना किडेच भरवतात. चिमणी दाणे खाते म्हणून तिच्यासाठी बाजरी टाकली जाते. पण तिच्या पिलाला पहिल्या दिवसांत दाणा पचत नाही, त्याला अळी लागते. अमेरिकेत डग्लस टॅलमी या कीटकशास्त्रज्ञाने चिकडी नावाच्या लहानशा पक्ष्याबद्दल दाखवले की एक वीण वाढवायला सुमारे सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. २०१८ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन परिसरातल्या घरगुती बागांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या बागांत स्थानिक झाडोरा सत्तर टक्क्यांहून कमी होता तिथे त्या पक्ष्याची संख्या टिकत नव्हती. नागपूरचा पक्षी वेगळा, झाड वेगळे, आकडेही वेगळे असणार. पण साखळी तीच आहे: पान, अळी, पिलू. मधली कडी फवारून मारली की झाडावर घरटी टांगून काही साधत नाही.

इथे आणखी एक आक्षेप पुढे येतो: बाग तर सगळ्यांकडेच आहे, मग स्थानिक झाडांचाच आग्रह का? नर्सरीतून आणलेल्या सोनेरी ड्युरांटाचे कुंपण, फॉक्सटेल पाम, गोल कापलेला फायकस, बोगनवेल आणि मध्ये लॉन अशी बाग दिसायला हिरवी असते. तिच्यातल्या बहुतेक झाडांची पाने इथल्या अळ्या खात नाहीत, आणि दुकानदार तोच गुण म्हणून सांगतो. ज्या पानाला कोणी तोंड लावत नाही ते पान इथल्या साखळीत नाही, एवढाच त्या गुणाचा अर्थ. कोनोकार्पस हे झाड असेच झपाट्याने वाढते म्हणून सर्वत्र लावले गेले. २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. घाणेरीचे, विदर्भातल्या रायमुनियाचे, उदाहरण जास्त फसवे आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी असते, आणि ती गर्दी दाखवून परदेशी झुडपांचे समर्थन केले जाते. मध पुरवणे आणि वंश वाढवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मध कोणत्याही फुलाचा चालतो; अंडी मात्र प्रत्येक जात आपल्या ठरलेल्या झाडावरच घालते.

या ठरलेल्या जोड्या नागपुरात हाताच्या अंतरावर आहेत. रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, पानफुटीवर रेड पिएरो, एरंडीवर कॉमन कॅस्टर, तेंदूवर बॅरोनेट. पावसाळ्यात भाजीसाठी खुडला जातो त्या तरोट्यावर पिवळी ग्रास यलो, आणि बहाव्यावर एमिग्रंट. यांतली निम्मी झाडे तण म्हणून उपटली जातात. मोठ्या झाडांत उंबर, पळस, काटेसावर, पांगारा, करंज, बेल, मोह यांतले एखादे. लहान जागेत अडुळसा, निर्गुंडी, तरवड, करवंद, कोरांटी, पारिजातक. उंबर पिकला की राखी धनेश, तांबट, कोकीळ आणि हरियाल एकाच झाडावर दिसतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. त्याला पाहायला पेंचपर्यंत जावे लागते असे नाही. उंबर घराच्या भिंतीजवळ लावू नये, हेही सांगायला हवे. त्याची मुळे पायात आणि गडरमध्ये शिरतात. पेरू, पपई, सीताफळ मूळची परदेशी आहेत म्हणून उपटण्यात अर्थ नाही. पाखरे त्यांवर जगतात, माणसेही. आग्रह शुद्धतेचा नसून पोटाचा आहे. आणि 'स्थानिक' म्हणजे आपोआप उगवेल ते, असेही नाही. गाजर गवत १९५० च्या दशकात परदेशी धान्याबरोबर आले असे मानले जाते. त्याने अंगाला खाज आणि श्वासाचा त्रास होतो, आणि ते फुलण्याआधी मुळासकट उपटणे हे या बागेतले कामच आहे.

दाणा-पाण्याच्या सेवेबद्दल लिहिताना जपून लिहावे लागते, कारण त्यामागे खरी माया असते. तरी सांगणे भाग आहे की छतावर रोज किलोभर ज्वारी पसरल्याने इथल्या पाखरांचे भले होत नाही. त्या दाण्यावर पारवे जमतात. पारव्यांना इमारतीच्या कपारी घरट्याला पुरतात आणि माणसाने घातलेल्या दाण्यावर त्यांची संख्या फुगत जाते. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते. सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर येतात, आणि त्यांच्यामागे कोण येते ते वर आलेच आहे. पाण्याची गोष्ट निराळी. नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. त्या दिवसांत सावलीतले दीड-दोन इंच खोल, खडबडीत मातीचे भांडे, मधोमध एक दगड, सकाळ-दुपार ताजे पाणी, ही खरी सेवा आहे. भांडे झुडपापासून चार-पाच फूट दूर असावे. झुडपात दबा धरलेले मांजर तेवढे अंतर तोडेपर्यंत पाखरू उडते.

उन्हाळ्यात सगळे जळते, हा आक्षेप लॉनच्या बाबतीत अगदी खरा आहे. लॉनचे गवत मार्च ते जून रोज पाणी मागते. नागपूरला पाणी येते ते मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. पेंचचे तोतलाडोह धरण व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. तिथले पाणी शुद्ध करून, पंपाने ओढून, अशा गवतावर ओतायचे की ज्यात टोळसुद्धा टिकत नाही, याचे समर्थन करता येत नाही. इथली झाडे उन्हाळ्यासाठीच घडली आहेत. पळस आणि काटेसावर पाने टाकून फुलतात, बहावा ऐन एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो, कडुलिंब त्याच दिवसांत सावली धरतो. पहिली दोन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, पुढे फारसे नाही. लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी. फेब्रुवारीत प्रदर्शनातून आणलेले रोप मेमध्ये मरते तेव्हा दोष झाडाचा नसतो.

जमिनीबद्दलचा एक आक्षेप मात्र जाणकारांकडून येतो, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. नागपूरच्या मोठ्या भागात काळी, भारी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि त्यात पाया हलतो. म्हणून घराभोवती फरशी हवी, असे बांधकाम करणारे सांगतात. भिंतीलगत मीटरभर रुंदीची, बाहेर उतार दिलेली पट्टी हवी, हे मान्यच आहे. पण त्या कारणावर अख्खे अंगण कुंपणापर्यंत गट्टूंनी झाकले जाते, झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास बसतो आणि पाणी मुरायला वीतभर जागा उरत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांमध्ये पाणी शिरले. एवढा पाऊस अंगणातल्या मातीने अडवला असता, असा दावा करता येणार नाही; ओली काळी माती पाणी हळूच घेते. मात्र पाला आणि मुळे असलेली जमीन पाणी धरून सावकाश सोडते आणि गट्टू ते लगेच रस्त्यावर ढकलतात. हजारो अंगणांचे ते पाणी एकाच वेळी नाल्यात पोहोचते.

पाल्याचेही तसेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की सकाळी सकाळी लेआउटमध्ये पाला झाडून पेटवला जातो. धूर घराघरात शिरतो आणि त्याला स्वच्छता म्हणतात. पाला हा कचरा नाही. झाडाखाली चार बोटे जाडीचा थर राहू दिला तर काळी माती भेगाळत नाही, पाणी कमी लागते, गांडुळे वर येतात. अशा पाल्यात सातभाईंची टोळी उतरली की एकेक पान चोचीने पलटून किडे टिपत ती पुढे सरकते. दोन पाखरे खाली कामाला, एक वर पहाऱ्याला. सापसुरळी आणि बेडूक याच पाल्यात असतात. घराला लागून पाला नको असेल तर तो मागच्या कोपऱ्यात, जाळीच्या कुंपणात कुजवावा. अंगण नीटस दिसावे ही इच्छा गैर नाही. कडेला विटांची ओळ, मधून स्वच्छ पायवाट आणि दाराशी फुलझाडे असली की आतला दाटपणा बेफिकिरीचा वाटत नाही, आणि शेजाऱ्यांशी निम्मे भांडण मिटते.

वाळलेल्या फांदीवरून घरात वाद होतात. मुनग्याची किंवा पांगाऱ्याची वाळकी, मऊ फांदी तांबटाला घरटे कोरायला हवी असते. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे इतर पाखरे राहतात. जिथून पडली तर कोणाच्या डोक्यावर येईल ती फांदी कापावीच. इतर ठिकाणी ती राहू द्यावी. जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळा दिसला की त्याला अपशकुनी म्हणून हुसकावले जाते. तो रात्रभर घराभोवतीचे किडे आणि उंदराची पिले खातो, आणि याच घरातली माणसे उंदरांसाठी विषारी वड्या ठेवतात. त्या वड्या खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जाते.

मधमाश्यांच्या बाबतीत भीती आणि वस्तुस्थिती वेगळी करावी लागते. आग्या मोहोळ खरोखर धोकादायक असते. ते घराच्या सज्जाला लागले तर जाणकाराला बोलवावे. पण झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी माशी त्रास दिल्याशिवाय वाटेला जात नाही. गुलाबाच्या पानांना कात्रीने कापावे तसे गोल काप दिसतात ते पानकापी माशीचे काम. ती एकटी राहते, ते तुकडे घरट्यात अस्तर म्हणून लावते आणि झाडाचे काही बिघडत नाही. भोपळ्याला, दोडक्याला फुले भरपूर येऊन फळ धरत नाही अशी तक्रार गच्चीवरच्या बागांत सर्रास ऐकू येते. परागण करणारे कोणी उरले नाही, हे तिथे बहुधा कारण असते.

शेवटचा आक्षेप शहराच्या अभिमानातून येतो. नागपूर हे देशातल्या हिरव्या शहरांत गणले जाते. सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरी आहे, गोरेवाडा, महाराजबाग, विद्यापीठाचा आणि व्हीएनआयटीचा परिसर, सिव्हिल लाइन्सचे जुने बंगले आहेत. मग दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरच्या दोन झुडपांनी काय होणार? हा हिरवेपणा कायमचा नाही, हे अजनी वनाच्या वादात २०२१ मध्ये शहराने पाहिले. तिथली झाडे वाचवायला नागरिकांना रस्त्यावर यावे लागले. दुसरे असे की ही हिरवी ठिकाणे एकमेकांपासून तुटलेली आहेत. मधल्या भागात बेसा-मनीषनगरसारख्या वस्त्या झपाट्याने वाढल्या, आणि तिथे झाड आहे ते अंगणातच. फुलपाखरू किंवा शिंपी एका दमात पाच किलोमीटर काँक्रीट ओलांडत नाही. त्याला वाटेत थांबे लागतात. आणि लहान जागेत किती जीव मावतात याचा एक हिशेब उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ पासून तीस वर्षे आपल्या घरामागच्या सुमारे ७४१ चौरस मीटर बागेतल्या जाती मोजल्या. नोंद झाली २,६७३ जातींची, त्यांत सुमारे दोन हजार कीटक. ती बाग उपनगरातल्या रस्त्यावरची, भाजीपाला आणि फुलझाडे असलेली साधी बाग होती. उष्ण प्रदेशातल्या नागपूरच्या अंगणात त्याहून कमी सापडेल असे मानायला आधार नाही.

ज्यांच्याकडे अंगणच नाही, त्यांच्या वाट्याला फ्लॅटची बाल्कनी किंवा गच्ची येते. तिथे मोठ्या कुंडीत गोडलिंब, लिंबू, अडुळसा, कोरांटी, पानफुटी आणि एक तुळस एवढे जगते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर लहान माश्या दिवसभर असतात. दुपारच्या भिंतीची धग चुकवायला कुंड्या एकमेकींना लागून आणि हिरव्या जाळीखाली ठेवाव्यात, तळातल्या बशीत पाणी साचू देऊ नये. सोसायटीचा आक्षेप बहुतेक वेळा गळणाऱ्या पाण्याबद्दल असतो, आणि तो न्याय्य आहे. कुंडीखाली जलरोधक थर हवाच. संक्रांतीनंतर गच्चीवरून आणि झाडांवरून लोंबणारा नायलॉन मांजा काढून, तुकडे करून कचऱ्यात टाकावा. त्यात अडकलेली जखमी पाखरे पुढे कित्येक आठवडे सापडत राहतात, आणि त्यांच्यासाठी सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. फांद्यांची मोठी छाटणी करायची ती घरट्यांचा हंगाम सोडून, म्हणजे बहुतेक पाखरांसाठी मार्च ते सप्टेंबर टाळून, करावी. आणि झाड तोडण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याने ती अट खासगी अंगणातल्या झाडालाही लावलेली आहे.